माझ्या पोटातला सुरेखाचा गुडघा

आमच्या घरात चरबीचा तुटवडा कधीच नव्हता. घोटाळा होता तो वाटपात. सगळा साठा माझ्या पोटावर, आणि गरज पडली ती आमच्या बायकोच्या गुडघ्याला. रेशनच्या दुकानात असं झालं असतं तर तहसीलदाराकडं अर्ज केला असता. इथं अर्ज कुणाकडं करणार? तरी मी केलाच. त्याचीच ही हकिकत आहे.

मी त्रिंबक, नेकनूरचा. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. बीडच्या स्टँडवर, तुमची गाडी सुटून गेल्यावर ती सुटणार असल्याचं जो आवाज तुम्हाला सांगायचा, तो माझा. निवृत्त झालो तेव्हा खात्यानं माईक काढून घेतला, आवाज माझ्याकडंच राहिला. घरात मी "मीठ दे गं" म्हणालो तर शेजारची सून मिठाचा डबा घेऊन दारात येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गावभर जो बोभाटा झाला तो मी मुद्दाम केला नाही, हे ध्यानात राहील.

सुरेखा, म्हणजे आमची बायको, गावातल्या अंगणवाडीची ताई. अंगानं तुरीच्या काडीसारखी, पण एकदा चालायला लागली की मागं मला धाप लागायची. तिचं सगळं काम जमिनीवर. पोरं जमिनीवर, खिचडीच्या ताटल्या जमिनीवर, गाणी-गोष्टी जमिनीवर. एक पोर मांडीवर, एक पाठीला लोंबकळतंय, एक केसातली पिन उपसतंय, असा तिचा दरबार. अन् त्या दरबाराचा डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादी झिजलीय. ती एकदा झिजली की आपणहून परत येत नाही.

खाली बसणं बंद झालं. अंगणवाडीत एक प्लास्टिकची खुर्ची आली. सुरेखा खुर्चीवर बसली आणि पोरं दाराबाहेर पळाली. का, तर आमच्या गावातल्या पोरांना खुर्चीवर बसणारी एकच बाई माहीत आहे, ती म्हणजे सुई टोचणारी सिस्टर. एकानं तर रडत रडत आपणहून दंड पुढं केला म्हणे.

त्या संध्याकाळी सुरेखा घरी आली आणि ओसरीवर नुसतीच बसून राहिली.

"पोरं मांडीवर येत न्हाईत हो," म्हणाली. "मोठी तर मोठी, ती धाकटी दुडदुडणारी बी येईनात."

"येतील. सवय होईल खुर्चीची."

"सवय होईस्तवर ती शाळंत जातील." मग म्हणाली, "दसऱ्यानंतर निम्मी पोरं आईबापासंगं कारखान्यावर जातील, ऊसतोडीला. गुढीपाडव्याला परत येतील. येतात तवा पार वाळून आलेली असतात. त्यांना मी खुर्चीवरनं हाका मारू का? तवर खाली बसता आलं न्हाई तर मी सोडते नोकरी."

तिला मी इतक्या वर्षांत सोडते म्हणताना ऐकलं नव्हतं. तापात गेलती कामावर, पुरात गेलती, आमच्या भांडणात तर हमखास गेलती.

पुढच्याच आठवड्यात माझी भाची संस्कृती आली. बहिणीची मुलगी, युसूफ वडगावची. शिकून शिकून संभाजीनगरला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. कशाचं, ते तिनं मला आधी दोनतीनदा सांगितलेलं होतं आणि मी "वा वा" म्हणून विसरलेलो होतो. यावेळी ती मामीचा गुडघा दाबून बघत होती, म्हणून मी नीट ऐकलं.

"मामा, माणसाच्या चरबीत नुसती चरबी नसते," ती म्हणाली. "त्यात थोड्या मूळ पेशी असतात. त्यांना अजून काय व्हायचं ते ठरलेलं नसतं. हाड होतील, चरबी होतील, गुडघ्यातली गादी पण होतील. आम्ही चरबीतून त्या वेगळ्या काढतो आणि वाढवतो."

म्हणजे बीडातल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासची पोरं. अजून कुठल्याच खात्यात लागलेली नाहीत, पण तयारी सगळ्या खात्यांची चालू. मला एकदम कळलं. मी उठलो, शर्ट वर केला आणि पोटावर थाप मारली.

"घे! पाहिजे तेवढी घे. मामीच्या गुडघ्यात भर!"

"अहो, शर्ट खाली घ्या," सुरेखा म्हणाली. "रस्त्यावरनं दिसतंय."

संस्कृतीनं हसून घेतलं आणि मग जरा गंभीर झाली. म्हणाली, हे अजून औषध नाही, अभ्यास आहे. तिथल्या दवाखान्यात गुडघ्यावर असा एक अभ्यास चाललाय, रीतसर परवानगी काढून. मामीला त्यात घेता येतं का ते विचारू. पण गुण येईलच असं कुणी सांगत नाही, आणि जो आधीच खात्री देतो त्याच्या दारात उभं राहायचं नाही.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन लावला. अंगणात उभं राहून लावला, कारण घरात रेंज नाही. "हॅलो! चरबीबद्दल बोलायचंय! चरबी! च-र-बी! बायकोच्या गुडघ्यात घालायचीय!" फोन ठेवला तोवर आमचा शेजारी सुग्रीव फाटकात उभा होता.

सुग्रीव बोकडांचा व्यापारी. नेकनूरच्या आठवडी बाजारात बोकडाच्या पाठीवर नुसता हात फिरवून वजन सांगतो आणि काटा लावला तरी फारसं चुकत नाही. या एका गुणावर तो सगळ्या विषयांत सल्ले देतो. त्यानं लगेच मोबाईलवर एक व्हिडिओ काढून दाखवला. सुटाबुटातला कुणी तरी एका सुईत गुडघा नवा करून देत होता आणि एक आजोबा दोरीवरच्या उड्या मारत होते.

"हितं जावा कंट्रोलर. गॅरंटी हाय."

"गॅरंटी देतो त्याच्याकडं जायचं न्हाई, असं भाचीनं सांगितलंय."

"आं? मंग काय गॅरंटी न्हाई त्याच्याकडं जायचं?" सुग्रीवला हे काही पटलं नाही. मलाही आतून पटलेलं नव्हतं, पण त्याच्यापुढं तसं दाखवलं नाही.

आम्ही संभाजीनगरला गेलो. तिथं डॉक्टर मंजुषा म्हणून बाई होत्या, शांत, बारीक फ्रेमच्या चष्म्याच्या. त्यांनी सुरेखाचा गुडघा पाहिला, फोटो पाहिले, सगळं अभ्यासात बसतंय म्हणाल्या. मग तिच्या पोटाची चिमूट घेतली. चिमटीत नुसती कातडी आली. दुसऱ्या बाजूला घेतली, तिथंही तेच. मांडीला घेतली.

"अहो मावशी, तुमच्या अंगावर चरबीच नाही की. काढायची कुठून?"

मला हसूच आलं. म्हटलं एवढंच ना! मी परत शर्टाला हात घातला. "डॉक्टर, इकडं बघा. इथं काय कमी हाय का?"

"काका, अभ्यासाचा नियम आहे. ज्याची चरबी त्याचाच गुडघा."

"आमचं लग्न झालंय! घर एक, चूल एक, रेशनकार्ड एक. चरबी तेवढी वेगळी कावून?"

"तुम्ही एसटीत होता ना?" त्या म्हणाल्या. "नवऱ्याचा पास दाखवून बायको आली तर कंडक्टर बसू देतो का?"

खात्याच्या नियमानं माझं तोंड बंद करणारी ती पहिलीच डॉक्टर. त्यांनी सांगितलं, मावशींचं वजन वाढवा, दिवाळीच्या सुमारास परत दाखवायला आणा. तोवर अभ्यासात जागा आहे. जगातले सगळे डॉक्टर गुडघा दुखला की वजन कमी करा म्हणतात, आणि आमच्या नशिबी हे.

परत येताना एसटीतच मी मोहीम आखली. आखली म्हणजे मोठ्यानं आखली. मागच्या बाकावर नेकनूरची माणसं होती. आम्ही घरी पोचायच्या आत गावाला कळलं होतं की ताईला पोसायचंय.

आणि मग जे सुरू झालं त्याला मी सूड म्हणतो. सुरेखानं इतकी वर्षं गावातल्या आयांना पोरांच्या खाण्यावरून बोल लावलेले. दर महिन्याला पोरांना काट्यावर उभं करायचं, वजन घटलं की आईला समोर बसवून झाडायचं: काय खायला घातलं, अंडं कावून दिलं न्हाई, शेंगदाणे घरात असताना कुरकुरे कशाला? त्या सगळ्या बाया आता हातात वाट्या घेऊन आमच्या दारात. त्यांची म्होरकी दिपाली. ऊसतोडीला जाणारी, विशी ओलांडून फार दिवस झालेले नाहीत, पण दोन लेकरांची आई. तिच्या धाकट्या मुलीच्या वजनावरून सुरेखानं तिला सगळ्यांत जास्त बोललेलं.

"ताई, आ करा."

"अगं दिपाली, मी खाते नंतर."

"नंतर न्हाई. माझ्यासमोर. तुमीच म्हणता ना, आईनं समोर बसून घास भरवावा?" आणि डिंकाचा लाडू सुरेखाच्या तोंडात. मी ओसरीवर बसून हे बघायचो. मला इतका आनंद माझ्या बढतीच्या वेळीसुद्धा झाला नव्हता.

अंगणवाडीची मदतनीस वत्सलाबाई तर ताईला दर सोमवारी काट्यावर उभी करायची. पोरांच्या आधी. पोरं टाळ्या वाजवायची. भिंतीवर पोरांच्या वाढीचा तक्ता होता, हिरवा म्हणजे बरा, लाल म्हणजे वाईट. वत्सलाबाईनं तिथं कोपऱ्यात एका चिठ्ठीवर 'ताई' लिहून लाल पट्ट्यात चिकटवलं. पर्यवेक्षिका मॅडम आल्या आणि त्यांनी विचारलं, हे बालक कुठलं? वत्सलाबाई म्हणाली, हे जरा थोराड बालक हाय मॅडम, पण लई हट्टी. खात न्हाई.

सुग्रीवचा सल्ला वेगळाच. "मक्याचा भरडा, त्यात गूळ. सकाळ-संध्याकाळ. आन् लई फिरू द्यायचं न्हाई. दावणीला बांधून ठेवायचं."

"अरे, बायको हाय ती!"

"त्येच म्हणतो मी. बांधता येणार न्हाई, म्हणून अवघड हाय."

वत्सलाबाईचा सोमवारचा आकडा मला पटेना, म्हणून दसऱ्याच्या सुमारास मी सुरेखाला स्वतः काट्यावर उभी केली. काटा जिथं होता तिथंच. मला वाटलं काटा बिघडला, म्हणून मी चढलो. काटा बिघडलेला नव्हता. मोहिमेचं फळ मला व्यवस्थित लागलं होतं. घरात पदार्थ आले की वाया जाऊ नयेत म्हणून मी चव घ्यायचो, एवढंच काय ते. पण माझ्या वाट्याचं सोडलं तरी आलेल्या लाडवांचा हिशेब लागेना. डबे रिकामे आणि बायको होती तशी. मला काही सुधरेना.

सुधरलं ते ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या त्या सकाळी. गावाबाहेर ट्रॅक्टर उभे, वर संसार भरलेला, त्यावर बाया, पोरं, कोंबड्या. सुरेखा दरवर्षीसारखी निरोपाला गेली, मी मागून गेलो. बघतो तर प्रत्येक पोराच्या मांडीवर एकेक गाठोडं. एकानं माझ्यासमोरच सोडलं. आत डिंकाचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, खजूर. दिपालीनंच भरवायला आणलेले लाडू दिपालीच्याच पोरींच्या गाठोड्यात परत चालले होते.

मी तिथंच सुरू झालो. "सुरेखा! हे तुझ्या गुडघ्याचे लाडू होते!" ट्रॅक्टरवाल्यानं दचकून इंजिन बंद केलं. "गावानं आणले, बाया घरी येऊन भरवून गेल्या, मी दिवसरात्र जपलं, आन् तू वाटत सुटलीस? पाडव्याला खाली बसायचंय ना तुला? कशाच्या जोरावर बसणार हायस?"

सुरेखा काही चिडली नाही. ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उभी होती, कारण गुडघ्यावर भार देता येत नव्हता.

"अहो, ही पोरं उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राहतात. आई पहाटंच तोडायला जाती, हिकडं ह्यांना कोण बघतंय? माझ्या अंगाला लागून काय करायचं हुतं? ह्यांच्या लागू द्या की."

दिपाली वरून म्हणाली, "ताई, असं कावून केलं तुमी?" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. माझा राग लवकर येतो, पण त्या सकाळी तो जायलाही वेळ लागला नाही. घरी येईपर्यंत मी तिच्या पुढं चालत होतो, एवढंच. मग तिला चालवत नाही हे आठवलं आणि थांबलो.

दिवाळी झाल्यावर आम्ही परत डॉक्टर मंजुषांकडे. परत चिमूट, परत कातडी. त्यांनी मान हलवली. "मावशी, नाही जमणार. आणि आता नवीन माणसं घेणंही थांबवतोय आम्ही." संस्कृती बाजूला उभी होती, तिचं तोंड उतरलं. सुरेखा "बरं" म्हणाली आणि पिशवी उचलली. तिचं ते "बरं" मला सोसेना. मी उभा राहून बोलायला लागलो. नियमाला काळीज असतं का, खात्यातसुद्धा आम्ही अडल्यानडल्याला गाडी थांबवायचो, वगैरे. आवाज चढला तशी डॉक्टरीणबाईंची नजर माझ्या शर्टाच्या मधल्या बटणावर गेली.

"काका, ते बेंबीपाशी काय फुगतंय? तुम्ही ओरडला की बाहेर येतंय."

"कुठं काय? गॅस आहे."

"हर्निया आहे. किती वर्षं लपवलाय?"

सुरेखानं माझ्याकडं असं बघितलं की मी खुर्चीवर बसलो. मला ऑपरेशनची भीती वाटते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण मी लपवली होती. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन करावंच लागेल. मग जरा विचार करून म्हणाल्या, त्यात थोडी चरबी तशीही काढून टाकावी लागते. तुमची हरकत नसेल तर ती आमच्या प्रयोगशाळेला द्या. मावशींना तिचा उपयोग होणार नाही, हे आत्ताच सांगते. ती फक्त अभ्यासाला.

"मग कशाला द्यायची?" मी म्हणालो. "हिला नाही तर कुणालाच नाही."

परतीच्या एसटीत सुरेखा खिडकीपाशी बसली. पाली गावाच्या अलीकडं म्हणाली, "दिपालीचं गुडघं बघितलंत का तुमी?"

"मी कशाला बघू?"

"उठताना भिंतीला धरती. एवढीशी पोर. दिवसभर वाकून तोडायचं, मग मोळी डोक्यावर घिऊन गाडीत चढायचं. माझं ह्या वयात गेलं, तिचं चाळिशीच्या आत जाईल." मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "द्या की हो. माझ्या वेळंला न्हाई झालं, तिच्या वेळंला तरी हुईल. आन् ऑपरेशन बी होऊन जाईल. मला भ्या वाटतं तुमच्या जिवाचं."

शेवटचं वाक्य तिनं अगदी हळू सांगितलं. मी काही मोठा दानशूर नाही. त्या एका वाक्यासाठी मी पोट द्यायला तयार झालो.

पण देणं इतकं सोपं असतं का? संमतीचा कागद आला. त्यात माझ्या चरबीला 'टाकाऊ ऊती' असं म्हटलेलं. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, टाकाऊ? साजूक तुपावर पोसलेली आहे! शब्द बदला, मग सही. संस्कृतीनं कळवळून सांगितलं, मामा, तो मजकूर समितीनं मंजूर केलाय, बदलायचा तर परत समिती बसवावी लागेल. मग कळलं की डबीवर माझं नावही लागणार नाही, नुसता नंबर. कुणाची चरबी हे कुणाला कळता कामा नये, असा नियम. अहो, गावात पाण्याची टाकी दिली तरी देणाऱ्याचं नाव टाकीपेक्षा मोठं असतं! मी पोटातून काढून देतोय आणि नाव नाही? शेवटी सुरेखानं माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाली, "करा सही. मला म्हाईत हाय कुणाची हाय ती."

ऑपरेशन झालं. छातीखाली बधिर केलेलं, समोर पडदा. मला सगळं ऐकू येत होतं, म्हणून मी मधूनमधून चौकशी करत होतो. ऑपरेशन करणारे डॉक्टर दोनदा म्हणाले, काका, हळू, पोट हलतंय. पडद्यापलीकडं कुणीतरी डबी उघडल्याचा आवाज आला आणि मला उगीचच भरून आलं.

गावी परतलो तर फाट्यावर फ्लेक्स. सुग्रीवनं लावलेला. माझा एसटीच्या गणवेशातला जुना फोटो आणि खाली: 'पंचक्रोशीतील पहिले चरबीदाते त्रिंबकराव यांचे हार्दिक अभिनंदन'. शेजारी हात जोडलेला सुग्रीव, माझ्यापेक्षा मोठा. मी रिक्षातच मान खाली घातली. सुरेखा मात्र पूर्ण वाचून हसत बसली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पाडवा जवळ आला तसं तिचं हसू कमी झालं. गुडघा तसाच. राजीनाम्याचा विषय ती काढत नव्हती, मीही काढत नव्हतो. मग एका दुपारी गाड्या आल्या. दुसऱ्या दिवशी पोरं अंगणवाडीत आली, काळवंडलेली, केस तांबडे झालेली. मी सहज म्हणून गेलतो. सहज कसला, मला घरी बसवेना. सुरेखा खुर्चीवर. दिपालीची धाकटी दारात आईच्या साडीत तोंड खुपसून उभी. चार-पाच महिन्यांत ताईला विसरली होती आणि खुर्ची मात्र तिला ओळखू आली.

"ये की गं. सुई न्हाई माझ्याजवळ, बघ." सुरेखानं दोन्ही हात उघडून दाखवले. पोर आणखी मागं सरली. सुरेखानं हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं पाहिलं.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी तिच्यासमोर जाऊन पाय फाकवून उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढं केले. "धर. घट्ट धर. पाय सरळ ठेव, आन् भार माझ्यावर टाक."

"पडाल तुमी."

"मी? मला पाडायला जेसीबी लागंल."

तिनं माझी मनगटं धरली. मी मागं रेललो. माझं सगळं वजन एका बाजूला, ती तुरीची काडी दुसऱ्या बाजूला. इंचाइंचानं ती खाली गेली, गुडघा न वाकवता, आणि वत्सलाबाईनं घातलेल्या घोंगडीवर पाय पसरून बसली. बसल्यावर तिनं एक श्वास सोडला. मग कुणी काही म्हणायच्या आत ती धाकटी आईचा पदर सोडून आली आणि पसरलेल्या पायांवर चढून बसली. सुरेखानं तिचं डोकं छातीशी धरलं. वत्सलाबाई म्हणाली, "कंट्रोलर, तुमी कावून रडताव?" मी म्हणालो, टाके दुखतायत. टाके केव्हाच सुकले होते.

तेव्हापासून माझी ड्युटी लागली. सकाळी ताईला खाली सोडायचं, दुपारी वर काढायचं. डॉक्टरांना विचारून घेतलं, हात धरू देणं चालतं म्हणाले, उचलायचं तेवढं नाही. उचलावं लागतच नाही. मी नुसता मागं रेलतो आणि ती उठते. पोरं ते बघायला थांबतात. काही माझ्या पॅन्टला धरून ओढतात, मदत म्हणून. राजीनाम्याचं नाव परत निघालं नाही.

चैत्रातच मला तपासणीला बोलावलं, तेव्हा संस्कृतीनं आम्हा दोघांना प्रयोगशाळा दाखवली. आत जायला पांढरे कोट दिले. माझ्या कोटाची बटणं लागेनात, सुरेखाच्या कोटात दोन सुरेखा मावल्या असत्या. संस्कृतीनं सगळं समजावून सांगितलं. चरबी धुवायची, अगदी बारीक करायची, एका पाचक द्रावणात कोमट ठेवायची, मग यंत्रात गरगर फिरवायची. चरबी वर तरंगते, ती टाकून द्यायची. तळाला चिमूटभर गाळ बसतो. त्यात आपल्याला हव्या त्या पेशी.

"म्हंजी लोणी टाकून द्यायचं?" सुरेखा म्हणाली. "उलटंच हाय की गं तुमचं."

मग एका सूक्ष्मदर्शकावर चपटी बाटली ठेवली आणि मामीला वाकून बघायला लावलं. कुणाच्या पेशी ते सांगता येत नाही, नियम आहे, असं संस्कृती म्हणाली, पण माझ्याकडं न बघता म्हणाली. सुरेखा बराच वेळ डोळा लावून बसली.

"लांबट हायती. बारीक. नाजूक एकदम."

"मग माझ्या नसणार," मी म्हणालो.

"तुमच्याच हायती," ती डोळा न काढता म्हणाली. "वर सगळा आवाज. तळाला असं काही तरी असंल, हे मला लई आधीपासनं वाटायचं."

संस्कृतीनं उगीचच दुसऱ्या बाटल्या सारख्या करायला घेतल्या.

शेवटी डॉक्टर मंजुषांकडे गेलो. त्यांनी माझं पोट तपासलं, टाक्यांची जागा बघितली, काट्यावर उभं केलं आणि चष्मा काढला. "काका, हे चालायचं नाही. एवढं वजन राहिलं तर हर्निया परत येईल. पोट कमी करायला हवं. मावशी, यांचं तूप-साखर बंद करा. किती कमी होतंय ते दर महिन्याला बघू."

मी रागावायची तयारी केली होती. पण सुरेखा खुर्चीत बसून खरंच विचार करत होती, बाजारात माप घेताना करते तसा.

"करते की कमी," ती म्हणाली. "पण सगळं न्हाई जमायचं डॉक्टर. मला खाली सोडंल आन् वर काढंल, एवढं ठिवावं लागंल."

डॉक्टरीणबाई कागदावर काही लिहिणार होत्या, त्या थांबल्या. सुरेखानं माझ्याकडं हात पुढं केले. मी पाय रोवून उभा राहिलो, आणि माझी मनगटं धरून ती उठली.